उठासाहेबांचा एकुलता एक लेख

उठासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लकवा झालेल्या माणसांना व्यायाम देण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली, आणि कुठल्याही पेशंटशी त्यांचा पहिला शब्द एकच, "उठा!" पेशंट आधी वैतागायचे, मग मनातल्या मनात शिव्या घालायचे आणि शेवटी खरंच उठायचे. लिहिण्याच्या नावानं मात्र आनंद. सगळ्या जन्मात लिहिला तो एक लेख, लकव्यानंतर आखडलेल्या खांद्याच्या व्यायामावर. तो छापून आला आणि पुढे कुणी त्याचं नावही काढलं नाही.

त्यांची भाची मामांच्याच वाटेनं गेली आणि त्याच खांद्यावर पीएचडी करायला बसली. पहिलं काम म्हणजे या विषयावर आजवर कुणी काय लिहिलंय ते सगळं शोधायचं आणि त्यातलं भरवशाचं तेवढं निवडायचं. निवडीचे नियम आधीच लिहून ठेवायचे, लेख हातात आल्यावर बदलायचे नाहीत. हे कळल्यापासून मामांची स्वारी हवेत. फोन उचलला की, "माझा सापडला का गं?" जेवलीस का, हे नंतर.

सापडला होता, आणि तिथेच घोडं अडलं होतं. तिचाच नियम होता की दोन गट हवेत, एकाला व्यायाम दिलेला, दुसऱ्याला न दिलेला. त्याशिवाय गुण व्यायामाचा की नुसता काळ गेल्याचा, हे कसं कळणार? मामांच्या लेखात एकच गट. तरी तिनं डोळ्यांवर कातडं ओढून 'घ्यावा' अशी खूण केली. तेच लेख स्वतंत्रपणे तपासणाऱ्या मैत्रिणीनं सरळ 'नको' म्हटलं. प्रकरण मार्गदर्शक बाईंकडे गेलं. बाईंना वास आलाच.

"लेखक ओळखीचे आहेत का तुझ्या?"

"मामा."

"मग तूच ठरव. मी बोलणार नाही."

आता याला काय म्हणावं! त्यापेक्षा दोन शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. तिनं लेख वगळला, आणि नंतर दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना.

फोनवर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ती मामांच्या घरीच गेली. दार उघडताच मामी म्हणाल्या, "आलीस बाई एकदाची! तू येणार म्हणून हे सकाळपासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत."

तिनं कसंबसं सांगून टाकलं. "मामा, लेख नाही घेता येत. दुसरा गट नाही त्यात. आमच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलंसुद्धा, लेखक ओळखीचे आहेत का म्हणून."

मामांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मग म्हणाले, "नियम बरोबर आहे तुझा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! मोठ्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, अर्ध्यांना व्यायाम देऊ नकोस. मी चिठ्ठ्यासुद्धा टाकल्या. न देण्याच्या गटात एक बाई आली, बाळंतपणात लकवा झालेली. तान्हं पोर उचलता येईना तिला. मी वॉर्डातून जायला लागलो की ती विचारायची, 'साहेब, माझा नंबर कधी?'" मामांनी चष्मा काढला. "थोडे दिवस टाळलं गं. मग नाही जमलं. सगळ्यांनाच दिला व्यायाम."

"आणि ती बाई?"

"ती? तिनं पोराला उचललं आणि माझ्याच हातात आणून दिलं. आता हे घालू नकोस हो तुझ्या प्रबंधात, तुझ्या त्या बाई पुन्हा विचारतील, लेखक ओळखीचे का म्हणून," म्हणत मामा हसायला लागले, आणि भाचीला काही केल्या रडू आवरेना.