सरूबाईची कॅसेट आणि दिपालीची हळद

माहुलच्या सरूबाईचा आवाज ऐकला नाही असा कोळीवाडा मुंबईत शोधून सापडायचा नाही, आणि सरूबाईला चेहऱ्यानं ओळखणारं माणूस माहुलच्या वेशीबाहेर मिळायचं नाही. घाटकोपरच्या बाजारात ती गेली चाळीस वर्षं कोलंबी आणि चिंबोऱ्या घेऊन बसते. लग्नसराईत शेजारच्या मांडवातल्या स्पीकरवर तिचंच गाणं वाजत असतं आणि गिऱ्हाईक तिलाच सांगतं, "मावशी, जरा मोठ्यानं बोला, त्या गाण्यात काही ऐकू येत नाही." सरूबाई हसत नाही, चिडतही नाही. वाट्यातली एक कोलंबी कमी करते, एवढंच.

ती मूळची धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात हळद लावण्यापासून पोरीची पाठवणी होईपर्यंत प्रत्येक विधीला धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, गाणारी बाई. भटजी उशिरा आला तर लोक सुपारी चघळत थांबतात, पण धवलारीण आल्याशिवाय हळदीच्या वाटीला कुणी बोट लावत नसे. हे सगळं ती आपल्या हिराआत्याकडून शिकली. आत्या कडक बाई. शिकवताना दोन गोष्टी तिनं सरूच्या डोक्यात खिळ्यासारख्या ठोकल्या होत्या. एक, धवला कधी हवेत गायचा नाही. डोळे मिटायचे, ज्या पोरीची हळद आहे तिला डोळ्यांपुढं आणायचं, मगच तोंड उघडायचं. आणि दुसरी, एका पोरीचा धवला एकदाच.

त्र्याण्णव साली कोळीवाड्यातल्या एका हळदीला कुणाच्या तरी ओळखीचे एक कॅसेटवाले शेठ जेवायला आले होते. जेवण राहिलं बाजूला, ते सरूबाईचं गाणं ऐकत बसले. पुढच्या आठवड्यात बोलावणं आलं, गोरेगावच्या स्टुडिओत या. सरूबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं, केसांत अबोली माळली. नवरा रामनाथ होडी घेऊन गेलेला, घरी कुणी नाही, म्हणून सात वर्षांच्या दिपालीलाही हाताला धरून बरोबर नेलं.

स्टुडिओ म्हणजे काय, तर भिंतींना गाद्या लावलेली एक खोली. काचेपलीकडून माणसानं हात केला, लाल दिवा लागला, आणि सरूबाई गप्प. माणूस म्हणाला, "गा ना बाई." सरूबाईनं विचारलं, "कोनाची हलद हाय?" तो म्हणाला, "कुणाची नाही हो, रेकॉर्डिंग आहे." सरूबाई म्हणाली, "मग मी कोनाला गाऊ?" शेठ आत आले, त्यांनी समजावलं, कुठलंही नाव घाला, कमळा घाला, विमला घाला. सरूबाई ऐकेना. नाव कुठलंही घालता येईल हो, पण डोळे मिटल्यावर समोर कुणीतरी यायला नको? अर्धा तास असा गेला. वाजवणारे ढोलकीवर डोकं ठेवून पेंगायला लागले. शेवटी सरूबाईचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं उंच स्टुलावर पाय हलवत दिपाली बिस्किटं खात होती. सरूबाईनं डोळे मिटले आणि कॅसेटची एक अख्खी बाजू न थांबता गायली. "हलद लागली गो, दिपाली बायला हलद लागली."

काचेपलीकडचा माणूस लाल दिवा बंद करायचाच विसरला म्हणे. हे मला सरूबाईनं सांगितलेलं नाही. स्वतःचं कौतुक सांगायची तिला सवय नाही. हे दिपाली सांगते, ती तिथं हजर होती.

कॅसेट निघाली. वर एका गोऱ्यापान नटीचा फोटो आणि खाली बारीक अक्षरांत 'सरूबाई आणि पार्टी'. पार्टी म्हणजे बिस्किटं खाणारी दिपाली. साऱ्या आळीत पेढे वाटले गेले. हिराआत्याच्या घरी टेप लावला, आत्यानं पहिली बाजू शेवटपर्यंत ऐकली, बटण दाबून बंद केलं आणि म्हणाली, "सरू, पोरीची हलद लावून बसलीस तू. आता तिच्या लग्नात काय गाशील?"

हे बोलून आत्या तिसऱ्या वर्षी वारली. त्यामुळे तो शब्द मागं घ्यायलाही कुणी उरलं नाही.

इकडं कॅसेट सुसाट सुटली. वर्सोवा म्हणू नका, मढ म्हणू नका, वरळी म्हणू नका. धवलारणीला बोलवायचं म्हणजे तिला आणायची, बसवायची, चहा-पानाचं बघायचं. कॅसेटला काय, एक बटण. सरूबाईची आमंत्रणं कमी झाली ती तिच्याच आवाजामुळं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगते कुणाला? आणि गंमत अशी की पाटावर बसलेली नवरी सुषमा असो नाहीतर वैशाली, हळद लागायची ती दिपालीलाच. सुरुवातीला म्हाताऱ्या बायका कुरकुरल्या, मग सवय झाली. एका कोळीवाड्यातल्या लहान मुलींना तर वाटायचं, दिपाली ही हळदीची कुणी देवी असणार.

शाळेत पोरं दिपालीला चिडवायची, "काल वरलीला लगीन झाला ना गो तुजा?" दिपाली पाठीत धपाटा घालून मोकळी व्हायची. सरूबाईला मात्र ते लागायचं. लांबून गाणं कानावर आलं की ती पाटी उचलून वाट बदलायची.

मग सीडीचे दिवस आले. शेठच्या मुलानं पुन्हा गोरेगावला बोलावलं, म्हणाला, आता व्हिडिओ काढू, नव्यानं गा. सरूबाई म्हणाली, गाणार नाही. त्यांनी जुनाच आवाज घेतला, वर ढोल चढवले, आणि सरूबाईला मागं बोंबील सुकवत बसवली. पुढं एक पोरगी नुसते ओठ हलवत होती. तिनं लुगडं असं काही नेसलं होतं की सरूबाईला बघवेना. चालू शूटिंगमध्ये ती उठली, त्या पोरीला आडोशाला नेऊन लुगडं नीट नेसवून आणलं आणि परत बोंबलांपाशी येऊन बसली. गाण्यात नाव तेच, दिपाली.

त्यानंतर एक दिवस सरूबाईनं चेंबूरच्या दुकानात शिल्लक होत्या तेवढ्या कॅसेटी आणि सीड्या विकत घेतल्या आणि भरतीच्या पाण्यात सोडून आली. रामनाथ जाळं विणत बसला होता. चार दिवसांत चार शब्द बोलेल असा माणूस. तो म्हणाला, "बरा केलास. आता खारीतले निवटी मासे पन धवला गातील."

आणि मग आला अल्पेश. सरूबाईचा भाचा, हळदीला डीजे लावतो. त्यानं लाडानंच केलं बिचाऱ्यानं, आपल्या सरूआत्याचा आवाज जगाला कळावा म्हणून. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. तिचं गाणं घेतलं, खाली बीट टाकला, आणि 'दिपाली' हा शब्द अकरा वेळा लागोपाठ वाजवला. यूट्यूबवर चौदा लाख लोकांनी बघितलं. सरूबाई त्याच्या घरी जाऊन म्हणाली, "काढ तो." अल्पेश म्हणाला, "आत्या, माझ्या चॅनेलवरून काढीन गं, पण कुणाकुणाच्या मोबाइलमधून काढू? वाट लागेल माझी."

या सगळ्या वर्षांत दिपालीचं लग्न झालं नाही. दोनदा ठरत आलं होतं. एकाला तिनं नोकरी सोडायला हवी होती. दिंडोशीच्या कोर्टात ती कारकून, दोन बस बदलून जाते, नोकरी तिला जिवापेक्षा प्यारी. तिनंच नकार दिला. दुसरा जहाजावर गेला आणि परतला तो बायको घेऊनच. यात कॅसेटचा काडीचा संबंध नव्हता. पण आईच्या मनाला कोण समजावणार? तिच्या हिशेबी तिनं लेकीची हळद साऱ्या मुंबईला वाटून टाकली होती आणि लेकीला काही उरलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत दिपालीनं कोलंबी सोलता सोलता सांगितलं, "आये, मी लग्न करतेय." मुलगा सुबोध. कोर्टासमोर टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतो. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तशी मंडळी दिंडोशीला आली. मूळ मालवणकडची. सुबोध त्रेचाळीसचा, दिपाली एकोणचाळीसची. सुबोधची आई बघायला आली ती चहा पिऊन म्हणाली, "आमका पोरगी गावली, बस झाला. बाकी काय नको."

सरूबाई आनंदानं रडली, आळीभर सांगत फिरली. मग दिपाली म्हणाली, "हळदीला तू गायचंस हां." आणि सरूबाईचा चेहरा उतरला.

"माज्यानं नाय होनार, बाय. तुजा धवला गाऊन झालाय."

दिपाली कोर्टातली बाई. तिनं कायदा काढला. "आये, सात वर्षांच्या पोरीची हळद म्हणजे बालविवाह. ते लग्न कुठलंही कोर्ट रद्द करेल. उलट तुलाच आत टाकतील."

सरूबाईला हसू आलं, पण ती हलली नाही. "तुजा कोर्ट दिंडोशीला, पोरी. माजा कोर्ट आत्याकडं. तिचा शबूद मोडून मी गायले आनि तुला काय झाला तर?"

"सगळ्यांच्या पोरींना गायलीस. मलाच नाही." दिपाली एवढंच बोलली आणि कोलंबीचं पातेलं घेऊन आत गेली. त्यानंतर हळदीपर्यंत दोघी एका घरात राहून फक्त कामापुरतं बोलल्या. धवला गाणारी दुसरी बाई शोधली, ती मिळाली नाही. जी एक होती ती उरणला सुनेकडं गेली होती. शेवटी अल्पेशनंच तोडगा काढला, जुनं गाणं लावू, बीट न टाकता, साधं.

हळदीच्या दिवशी दुपारी चारला अंगणातल्या मांडवात पाट मांडला. दिपाली येऊन बसली. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला, त्यामुळं नाकावर दोन बाजूंना वळ दिसत होते. अल्पेशनं बटण दाबलं. बत्तीस वर्षांपूर्वीची सरूबाई गायला लागली, आवाज कसा, तर धारेला लागलेल्या होडीसारखा, कुठं अडणं नाही. "हलद लागली गो, दिपाली बायला..." बायका हसल्या. आज तरी बरोबर नावाला लागतेय गं! सरूबाई सवयीनं उठून मागच्या दाराकडं निघाली.

"बंद कर रे," दिपाली म्हणाली.

अल्पेशनं बंद केलं. दिपाली आईकडं वळली.

"आये, तू हे जिला गायलीस ती सात वर्षांची होती. तिला काय, बिस्किटं मिळाली की बस. मी एकोणचाळीस वर्षांची आहे. मला अजून कुणी गायलेलं नाही. तुला नसेल गायचं तर मुक्यानं लावा हळद. पण ही नको."

तिनं मांडीवरचा चष्मा उचलला आणि उगाच पदरानं पुसायला लागली. कोर्टात वकिलांना दम देणारी बाई, पण पाटावर बसल्यावर पोरच ती.

सरूबाई दारातून परत आली. पाटासमोर मांडी घालून बसली. रीतीप्रमाणं तिनं डोळे मिटले, आणि आली ती स्टुलावर पाय हलवणारीच. पुन्हा मिटले, पुन्हा तीच. हिचा धवला तर झालेला. मग सरूबाईनं ते केलं जे तिनं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं आणि आत्यानं बघितलं असतं तर चिमटाच काढला असता. तिनं डोळे उघडे ठेवले. समोरच्या दिपालीकडं बघितलं, नीट, पाटीतला माल निवडताना बघते तसं. कानामागचे पांढरे केस. नाकावरचे वळ. टाइप करून करून चपटं झालेलं अंगठ्याजवळचं बोट. आणि ती गायला लागली.

आवाज आता तो नव्हता. वर चढताना फाटत होता, मध्येच श्वास तुटत होता. पण शब्द नवे येत होते. दोन बस बदलून जानारी माजी बाय, तिला हलद लागली. चश्म्याची बाय, फायलींची बाय, तिला हलद लागली. बापाच्या गोल्या विसरत नाय, आयेवर रागावते पन डबा भरते, तिला हलद लागली. जहाजवाला गेला तरी रडली नाय, तिला हलद लागली. बायका आधी हसल्या, मग एकेक पदर डोळ्यांना लागायला लागला. सात वर्षांच्या पोरीत नावाशिवाय गायला होतंच काय? सरूबाई गात होती ती सगळी बत्तीस वर्षं. रामनाथ मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो उघड उघड रडत होता आणि त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

गाणं संपलं तेव्हा दिपालीच्या गालावरची हळद ओघळून गळ्यापर्यंत आली होती. तिनं वाकून आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

अल्पेशला राहवेना. त्यानं सगळं मोबाइलवर घेतलं होतं. म्हणाला, "आत्या, झकास! हे टाकतो. चौदा लाख काय, पन्नास लाख जातील. सगळ्यांच्या हळदीला हेच वाजेल."

सरूबाईनं लेकीच्या केसांतली हळद सारखी केली.

"टाक की," ती म्हणाली. "पन कोन लावील रे हा आपल्या पोरीला? यात चश्मा हाय, कोर्ट हाय, दोन बस हायत. ही माजी पोर हाय सगली. ही दुसऱ्या कोनाला व्हायची नाय."