मी न वाचलेली शून्यं

मी चौथीपर्यंत शिकलो. आकडे धड वाचता येतात, अक्षरं जुळवत जुळवत. म्हणून त्या दिवशी सकाळी नातीनं वही माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "आबा, तुमी हे आकडे वाचा, मी टाकते," तेव्हा मला बरं वाटलं. आपण अजून कामाचे आहोत असं बायको गेल्यापासून वाटलं नव्हतं.

बायको आषाढात गेली, दम्यानं. ती होती तोवर मुलगा-सून ऊसतोडीला गेले तरी पोरीची काळजी नव्हती. आता ते दोघं कारखान्यावर आणि घरात मी म्हातारा आणि वीस वर्षांची पोर. निघताना मुलगा सांगून गेला होता, "कॉम्प्युटरचा विषय एकदा राहिलाय. ह्या खेपेला राहिला तर शिक्षण बंद. आयतवारी पाहुणे बघायला येतेत." मी मान हलवली होती. जवान पोर एकट्यानं सांभाळायचं मलाही ओझं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. बायको मरायच्या आधी म्हणाली होती, पोरीला शिकू द्या. तेव्हाही मी मानच हलवली होती.

परीक्षा दुपारी दोनला, परभणीत. अकराची गाडी पोखर्णीहून. आठ वाजता पोर मैत्रिणीचा जुना लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसली.

"कशाची परीक्षा हाय ही?"

"बहुपदीची. क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन, असे घात असतेत. एकेकाला एक आकडा. दोन बहुपद्यांची बेरीज करायचा प्रोग्राम लिहायचाय."

"वहीत तर नुसते आकडे हायेत. क्ष कुठाय?"

"तो लिहायचा न्हाई, आबा. जागा ठरलेली असती. पहिल्या जागी नुसता आकडा, दुसऱ्या जागी क्षचा, तिसऱ्या जागी वर्गाचा. कॉम्प्युटरला जागेवरून कळतंय."

मला कळलं नव्हतं, पण मी हं म्हणालो. वाचलं, "सात, तीन, पाच." खालची ओळ वाचली, "एक, दोन, चार."

तिनं बोट दाबलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आठ, पाच, नऊ. सरांनी उत्तर दिलंय आठ, शून्य, पाच, चार, पाच. आठ तेवढं जमायलंय, पुढचं सगळं चुकायलंय. पाच आकडे पाहिजेत, तीनच यायलेत."

"पाच मागितले की तीन देतंय. रेशनचं दुकान हाय का काय?"

ती हसली नाही. "परत वाचा."

मी परत तसंच वाचलं. परत आठ, पाच, नऊ. मग तिनं प्रोग्रामातल्या ओळी पुसल्या, नव्या लिहिल्या. तिसऱ्यांदाही पुसल्या. चहा तसाच गार झाला. मी निघायची घाई केली, नाहीतर गाडीही गेली असती.

गाडीत ती मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. काहीतरी लिहायची आणि मान हलवून पुसायची. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. रस्त्याच्या कडेला हरभरा दाट उगवला होता, मधली एक ओळ मात्र शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत रिकामी.

पेरताना मी तिफण धरायचो आणि बायकोची चाड्यावर मूठ असायची. चाडं म्हणजे बी सोडायचा लाकडी वाडगा, त्याच्या नळ्यांतून तीन ओळींत बी पडतं. एखादी नळी बुजली की ती मागून ओरडायची, "ओ, मधली ओळ रिकामी चाललीय." बी पडलं नसलं तरी ओळ तिथंच राहायची. शेजारची ओळ सरकून तिच्या जागी येत नाही. पुढं खाडे भरायला, म्हणजे न उगवलेल्या जागी परत बी टाकायला गेलो की ती न मोजता नेमक्या त्याच ओळीत जाऊन उभी राहायची.

मी खिडकीतून वळलो.

"पोरी," मी म्हणालो, "वहीत मधी मधी शून्यं होती. ती मी वाचली न्हाईत."

तिनं वर बघितलं.

"मला वाटलं, जिथं कायबी न्हाई त्याला काय वाचायचं."

तिनं वही उघडली. सात, शून्य, तीन, शून्य, पाच. खाली एक, शून्य, दोन, चार. तिनं दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं.

"माझा प्रोग्राम बरोबर होता, आबा. मी तो मोडून टाकला. आता पैला कसा होता ते आठवत न्हाई."

पाच महिने झाले, बायकोची बाज कोपऱ्यात तशीच आहे आणि मी तिच्यावरून नजर सारून घरात फिरतो. तशीच त्या शून्यांवरूनही सारली.

"आजीनं वाचली असती," ती म्हणाली.

"तिला कुठं वाचता येत होतं?"

"तरी वाचली असती."



कॉलेजात पोचलो तेव्हा लॅपटॉप बंद पडला होता. ती पायरीवर बसून कागदावर आठवून आठवून लिहू लागली. मी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. दोनला पाच कमी असताना ती आत गेली.

मी लिंबाखाली बसलो. आतून पोरं एकेक करून बाहेर येत होती, ही येत नव्हती. चार वाजून गेल्यावर आली.

"चाललं?"

"चाललं. सरांनी दुसरीच बहुपदी दिली. मधले दोन घात न्हवते. मी शून्यं टाकली."

"मग पास?"

"तोंडी परीक्षेत अडकले दोनदा. निकाल महिन्यानं."

स्टँडवर मुलाचा फोन आला. नात शेजारीच उभी होती.

"काय झालं, आबा?" त्यानं विचारलं.

"आयतवारचे पाहुणे थांबव."

"म्हंजी पास झाली?"

"निकाल लागायचाय. सकाळी माझ्यामुळं घोटाळा झाला, तो तिच्या अंगावर टाकू नको."

"आन् नापास झाली तर?"

"तर परत बसल. मी हाय घरी."

"तुमी कवर असताल?"

"हाय तवर असन. तुझ्या मायनं सांगितलं होतं, मी ध्यान दिलं न्हाई. आता देतो."

फोनमध्ये त्याच्या मागं उसाच्या फडात कुणीतरी मोळ्या बांधताना हाका मारत होतं. नातीनं माझ्या हातातली पिशवी काढून स्वतःकडं घेतली.

"बरं," तो म्हणाला. "सांगतो त्यांना."