डावरीची गाठ

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डावरी गस्तीच्या बोटीच्या कठड्यावर पोट टेकून जाळं ओढत होती. किनाऱ्यालगतच्या या पट्ट्यात जाळं टाकायला बंदी आहे. उथळ पाण्यात राहणाऱ्या डॉल्फिनची एक जात आता फक्त इथंच उरली आहे, तीही बोटांवर मोजण्याइतकी. चोरून टाकलेली जाळी काढणं हे डावरीचं पगारी काम. नवरा समुद्रात बुडाला, तेव्हा धरलेलं. संध्याकाळी ती लोकांची फाटकी जाळी सांधते. डाव्या हातानं. नाव त्यावरूनच पडलं.

"मोठं घबाड दिसतंय," बोट चालवणारा तांडेल म्हणाला.

आधी शेपटी वर आली. मादी होती, मेलेली. बोटीवर घेताना तिच्या पोटाखालून दूध ओघळलं. तांडेलानं इंजिन बंद केलं. दोघं बराच वेळ पाणी न्याहाळत राहिले. पिल्लू दिसलं नाही.

तिला सोडवायला डावरीनं चाकू काढला आणि तिचा हात थांबला. शेपटी अडकली होती तिथं जाळं सांधलेलं होतं. गाठी उलट्या वळणाच्या, तिच्याच हातच्या. जाळं दिराचं. "लांब, खोल पाण्यात टाकायचंय, वहिनी," असं सांगून त्यानं ते सांधून घेतलं होतं.

तांडेलानंही गाठी ओळखल्या. "चाकू हातात आहेच. तेवढा तुकडा काप आणि सोड पाण्यात. दिराच्या घरात राहतेस बाई. उद्या ताटात काय वाढून घेणार, कायदा?"

डावरीनं गाठी तशाच ठेवून बाजूनं कापलं. धक्क्यावर गस्तीच्या अधिकारी बाईंनी जाळं कुणाचं विचारलं, तेव्हा म्हणाली, "जाळं माझ्या दिराचं. सांधलंय मी."

दुपारी दिराचा परवाना गेला, बोट जप्त झाली. संध्याकाळी तो दारातच उभा होता.

"एका माशापायी घर बुडवलंत, वहिनी."

"मासा नव्हता तो, भावोजी. अंगावर पिल्लू होतं तिच्या. दूध होतं."

"मग बरंच झालं. आता सगळे दुधावरच जगू."

आत डावरीची जाऊ भांडी घासत होती. घासण्यापेक्षा आपटतच जास्त होती.

"कुणाचं ते कळत नाही, एवढं म्हणता आलं नाही तुम्हाला?" ती आतूनच म्हणाली.

"उलटी गाठ धक्क्यावर दुसरं कोण मारतं?"

"तेच तर! तुमच्याकडून सांधून घेतलं, तिथंच मी फसलो."

रात्री डावरीचं ताट कुणी मांडलं नाही. तिनंही मागितलं नाही.

जप्त केलेली बोट धक्क्याला साखळीनं बांधली आहे. दुसरी जागा नसल्यानं गस्तीची बोट तिच्या पलीकडच्या अंगाला लागून उभी आहे. उद्या सकाळी साडेपाचला कामावर चढताना डावरीला दिराच्या बोटीवरून चालत जावं लागेल.