मॅट कपाट

कळंबात आमचं फर्निचरचं दुकान आहे. तिथं भुशाइतकेच किस्से साठतात. भुसा निदान कुणीतरी चुलीला नेतं, किस्से मात्र मलाच खपवावे लागतात! हल्ली सगळे एकाच शब्दाचे, 'मॅट'. म्हणजे लाकडाला पॉलिश करायचं, पण चमकू द्यायचं नाही. इतकं सोपं आहे. समजावून बघा कुणाला!

*

आमच्या रफिकभाईंचं आयुष्य पॉलिशात गेलं. त्यांनी केलेल्या दारात बघून भांग पाडावा! पहिल्यांदा मॅटचा डबा पुढं ठेवला आणि चमक नको म्हणालो, तर त्यांचा चेहराच पडला.

"मालक, माझ्या हातून काय कसूर झाली का?"

*

शेजारच्या गुरुजींनी हौसेनं मॅट टेबल नेलं. आठवड्यानं विचारलं, "कसंय टेबल?"

"अजून वाळायलंय."

"वाळलंय की, गुरुजी!"

"मग चमकंना कसं?"

"तेच तर मॅट!"

गुरुजींनी जरा विचार केला. "आसं करा, मॅट ऱ्हाऊ द्या. वरून निस्ती चमक मारा!"

*

पण शहाजीतात्यांची गोष्ट वेगळी. त्यांची एकुलती लेक स्वाती पुण्यात नोकरीला. लग्नात द्यायचं कपाट मॅटच हवं, असं तिनं बजावलं होतं. तसं केलं, मंडपात रुखवतापाशी मांडलं. झालं! जो तो हात फिरवून विचारायला लागला, "तात्या, पॉलिश ऱ्हायलं का?"

तात्या रडकुंडीला आले. मला बाजूला ओढून म्हणाले, "भावकीत इज्जत घालवलीस की रं माझी!" मलाही फार वाईट वाटलं.

मी जेवून येतो तर कपाट लखलखतंय! तात्यांनी खोबरेलाची अख्खी बाटली फडक्यानं चोळली होती. पाहुणे खूश. "आता कसं!" मला मात्र वेगळीच काळजी. स्वातीनं बघितलं तर?

संध्याकाळी कपाट उघड्या टेम्पोतून आमच्या जिल्ह्यातल्याच वाशीला, तिच्या सासरी गेलं. रस्त्याचं काम चाललेलं, नुसता धुरळा.

दुसऱ्या दिवशी तात्या फोन घेऊन दुकानात धावत आले. "स्वातीचा फोन हाय. तूच बोल, बाबा!" मी भीत भीत स्पीकर लावला.

"पप्पा, मंडपात जरा चमकल्यासारखं वाटलं, तवा जीवच गेला होता माझा. पण घरी आल्यावर बघितलं, एकदम मॅट! म्या कुणाला हात लावू देत न्हाय, पुसूसुदीक देत न्हाय!"