रेशमासारखी

गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात जो विक्रेता नेहमी आमच्या वाट्याला येतो, त्याच्या जिभेवर माझा काडीचा विश्वास नाही. बायकोचा आहे. साडी उलगडून तो म्हणतो, "हात लावून बघा वहिनी, सायीसारखी मऊ. अन् चमक बघा, रेशमासारखी."

एकदा मी मध्येच विचारलं, "पण रेशीम आहे का?"

"रेशमासारखीच हाय की साहेब," म्हणाला आणि दुसरी साडी उलगडायला लागला.

तेव्हाच मी ताडलं. हा ज्याच्यासारखं म्हणतो, कापड ते नसतंच. अस्सल सुती कापड दाखवताना तो नुसतं "सुती हाय" म्हणतो आणि गप्प उभा राहतो.

परवा गेलो, तर तो स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा शालू निवडत होता. ना सायीसारखी, ना रेशमासारखी. पदराच्या टोकाचा एक धागा त्यानं उपसला, काडी ओढून जाळला आणि नाकाशी नेला. केस जळाल्यासारखा वास आमच्यापर्यंत आला.

"रेशीम," तो मालकाला म्हणाला आणि शालू बाजूला ठेवला.

मग आमच्याकडं वळून त्यानं माझे दोन्ही हात धरले. "लग्नाला यायचंच साहेब. तुम्ही मला सख्ख्या भावासारखे."

बायकोचे डोळे भरून आले. घरी येईपर्यंत ती आहेराचंच बोलत होती. तो नुसतं ‘भाऊ’ म्हणाला असता, तर माझेही डोळे भरले असते.