मार्थाबाईंनी थांबवलेला सत्कार

कुणी लगेच ‘हो, हो’ म्हटलं की मार्थाबाई खडू खाली ठेवायच्या. “पटलं, का नुसती मान हलवली?” वर्गातल्या मुलांना विचारायच्या, तसंच प्राचार्यांनाही. दौंडच्या कॉलेजात त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. दोघी केडगावच्या, त्यामुळे जाणं-येणं एकाच गाडीनं.

त्यांचं संशोधन गतीच्या भूमितीतलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “झोका कुठं आहे आणि किती वेगात आहे, हे कागदावर मांडलं की एक ठिपका मिळतो. पुष्कळ झोके घेतले की ठिपक्यांचा डाग होतो. वेळ जाईल तसा तो डाग ताणतो, पिळवटतो, पण क्षेत्रफळ तेवढंच राहतं. एवढ्या एका नियमावर माझा संसार चाललाय बघ.” घरात त्या आणि म्हातारी आई, एवढाच खरा संसार.

अशा गतीत एक तरी वाट फिरून आपल्याच सुरुवातीला येऊन मिळते, हे त्यांनी वर्षानुवर्षं खपून सिद्ध केलं. परदेशी नियतकालिकानं लेख स्वीकारला. कॉलेजनं सत्काराचा फ्लेक्स लावला.

सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी गाडीत पाटस स्टेशन आलं तरी बाई बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, “सिद्धतेतली एक पायरी मी खरी धरूनच चालले गं. सिद्ध केलीच नाही.”

कॉलेजात पोचल्यावर त्यांनी हेच सांगितलं, तेव्हा प्राचार्य चक्रावले. “मॅडम, तपासणाऱ्यांना दिसलं न्हाई, तर लोकांना काय दिसणार हाय? उद्या आमदार येणारेत.”

“सर, मला दिसलं ना.”

तिथंच बसून त्यांनी नियतकालिकाला लेख मागे घेतल्याचं कळवलं आणि तासाला गेल्या. संध्याकाळी फलाटावर मात्र पदरानं डोळे पुसत राहिल्या. “फार वर्षं गेली गं यात.”

ती पायरी त्यांना पुढेही सिद्ध करता आली नाही. निवृत्तीनंतर दुखण्यानं अंथरूण धरलं, तेव्हा कोलकात्याच्या एका मुलीनं वेगळ्याच वाटेनं तेच सिद्ध केलं. बाईंनी पडल्या पडल्या तिचा लेख रोज थोडा थोडा वाचला. पुरा झाल्यावर मला फोन केला. “बरोबर आहे गं! कुठंच चूक नाही.” आवाज एखाद्या मुलीसारखा वाटला.

महिन्याभरात त्या गेल्या. प्रार्थनेनंतर आईंनी मला जवळ बसवलं.

“मार्थाचं गणित सुटलं म्हणं. हिनंच सोडवलं का?”

हो म्हणावंसं वाटलं. पण म्हणवेना. “नाही, आई. दुसऱ्या एका मुलीनं. पण बाईंना फार आनंद झाला होता.”

आई म्हणाल्या,

“तरीच. शेवटी शेवटी लई हसायची. मला वाटलं, दुखणं उतराय लागलं.”