परीक्षक बाईंचं ताट

नंदुरबारला एसटीतून उतरले आणि पहिलं काम केलं ते शिंकण्याचं. एकापाठोपाठ सात! गावाबाहेर मिरचीच्या पथारी (मिरच्या वाळत घालायची मैदानं) लालभडक पसरलेल्या, आणि वारा नेमका माझ्याच दिशेने. न्यायला आलेली ज्योती हसत म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे पाहुण्यांचं स्वागत असंच होतं."

ज्योती माझी विद्यार्थिनी. दोन वर्षं मी पुण्यातून आणि ती नंदुरबारजवळच्या कोरीट या तिच्या गावातून, अशी मोबाइलवरच आमची स्पॅनिशची शिकवणी चालली. आज दुपारी तीनला एका स्पॅनिश कंपनीकडून तिची तोंडी परीक्षा होती, तीही मोबाइलवरच. पास झाली तर पुण्यात भाषांतराची नोकरी, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. लिहायला बसली की पोरगी वाघीण, पण परक्या माणसापुढे तिची बोबडी वळते. म्हणून धीर द्यायला मी आले होते. खरं सांगायचं तर धाकधूक मलाच जास्त होती.

तिचा मुख्य शत्रू म्हणजे 'येवार' हे क्रियापद. त्याचा सरळ अर्थ 'नेणे'. पण अंगात कोणता सदरा आहे, एका कामात किती वर्षं गेली, भाजीत काय काय घातलंय, हे सगळं स्पॅनिश माणूस याच एका क्रियापदाने सांगतो. ज्योतीने अर्थांची यादी घोकली होती. मी वहीच काढून घेतली आणि म्हटलं, "चल शेतात."

शेतात बायका मिरची तोडत होत्या. साडीवर नवऱ्यांचे जुने फुल शर्ट चढवलेले, डोक्यावर टोपल्या. "ती काय नेतेय? तिच्या अंगात काय आहे?" मी विचारत गेले, ज्योती स्पॅनिशमध्ये सांगत गेली. किती वर्षं हे काम करता, असं एका मावशींना विचारलं, तर त्या हात न थांबवता म्हणाल्या, "लगीन व्हयनं तवयपाईन हाईच काम शे, बाई!" (लग्न झाल्यापासून हेच काम आहे.) ज्योतीने तेही वाक्य स्पॅनिशमध्ये केलं, एकदाही न अडखळता. मावशींना ते इतकं आवडलं की त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.

घरी नेटवर्क फक्त ओसरीत. मोबाइल धान्याच्या डब्याला टेकवून ठेवला. बरोब्बर तीनला माद्रिदच्या परीक्षक बाई पडद्यावर आल्या, आणि बांधावरची ती ज्योती कुठे गेली कोण जाणे! "घरी कोण कोण असतं?" या प्रश्नालाही ती गप्प. दुसरा प्रश्न, पुन्हा गप्प. मी दाराआड बसून पदर चावत होते.

तेवढ्यात तिच्या आई आतून आल्या. हातात ताट. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, वर गुळाचा खडा. ते त्यांनी मोबाइलसमोर ठेवलं आणि बाजूला पाण्याचा तांब्या. आता आठवलं, सकाळी त्यांनी मला विचारलं होतं, "परीक्षा लेवाले कितला मानसे येथीन?" (घ्यायला किती माणसं येतील?) आणि मी बेसावधपणे म्हटलं होतं, "एकच बाई."

"माय, ती फोनमा शे!" ज्योती कुजबुजली.

"मंग काय व्हयनं? आपला घर उनी (आली) ना ती? उपाशी कशी जाई?"

संपलं सगळं, मला वाटलं. पण परीक्षक बाई पुढे वाकल्या आणि त्यांनी नेमकं 'येवार' वापरूनच विचारलं, यात काय काय घातलंय? ज्योतीने आईकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि तिचं तोंड उघडलं. ज्वारी आणि उडीद. हिरवी मिरची, जपून. आई सकाळपासून चुलीपाशी आहे. आमच्या घरून कुणी न जेवता जात नाही, तुम्हीही नाही! चुका झाल्या, पण ती थांबली नाही. बाई खळखळून हसल्या. वीस मिनिटं गप्पा झाल्या आणि शेवटी त्या म्हणाल्या, "पास. नोकरी तुझी."

ज्योतीने आईला मिठीच मारली. माझे डोळे वाहत होते, आणि ते ठेच्यामुळे नव्हते. आईंनी मात्र ताटाकडे बोट केलं. "पन जेवनी कोठे ती?" पाहुण्याचं ताट तसंच उचलायचं नाही म्हणे, म्हणून परीक्षक बाईंच्या वाटचं मी जेवले. जन्मात इतकं चवदार भरीत खाल्लं नव्हतं.

संध्याकाळी दोघी मला स्टँडवर सोडायला आल्या. वीस वर्षं मी 'येवार' फळ्यावर तक्ते काढून शिकवलं, यापुढे आधी ताट मांडीन, असं मी म्हणत होते. आईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला.

"पुनाले एकटी ऱ्हाई पोर. तुम्ही शेतस ना तठे?"

"आहे ना."

"मंग मले चिंता नई."

गाडी सुटली. घाट लागायच्या आत मी घरी फोन केला आणि नवऱ्याला सांगितलं, मागची खोली रिकामी करायला घे, आपली पोरगी येतेय.